परदेशातल्या आपत्तीला आपल्या कराचा पैसा का द्यावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: देशात गरजू लोक कमी नाहीत, मग सरकारने दुसऱ्या देशातल्या भूकंपाला, पुराला, दुष्काळाला कराचा पैसा का द्यावा? ज्यांना कळवळा आहे त्यांनी स्वतःच्या खिशातून द्यावा. सगळ्यांवर सक्ती कशाला?

माझं उत्तर ‘द्यावा’ असं आहे. आपत्तीनंतरच्या मदतीचं नियोजन, म्हणजे पैसा कुठून येणार, माल कसा जाणार आणि शेवटी कुणाच्या हाती पडणार, हे माझं अनेक वर्षांचं काम. त्या कामातूनच हे मत बनलं आहे. पण नुसतं ‘द्यावा’ म्हणून भागत नाही. या पैशाने काय करावं आणि काय करू नये, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला काही किंमत नाही.

आधी रकमेचा अंदाज घेऊ, कारण बहुतेक वाद इथेच भरकटतो. अमेरिकेत कैसर फॅमिली फाउंडेशनने वर्षानुवर्षं लोकांना विचारलं, की केंद्र सरकारच्या खर्चातला किती वाटा परदेशी मदतीवर जातो. उत्तरांची सरासरी पाव हिश्श्याच्या आसपास येत राहिली. खरा आकडा १ टक्क्याच्या आगेमागे होता, आणि त्यातही एचआयव्हीची औषधं, शेती, शिक्षण सगळं धरलेलं. आपत्तीतली तातडीची मदत हा त्याचा एक तुकडा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये श्रीमंत देशांपुढे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचं उद्दिष्ट ठेवलं. २०२३ मध्ये देणगीदार देशांची एकत्रित पातळी ०.३७ टक्के होती आणि उद्दिष्ट गाठणारे देश पाचच होते: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, जर्मनी आणि डेन्मार्क.

मदत कापली की तो पैसा देशातल्या गरिबाकडे वळतो, असंही धरून चालू नये. ब्रिटनने २०२१ मध्ये आपली मदत ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली. ही दुसरी कपात संरक्षण खर्च वाढवण्यासाठी होती. घरच्या गरजूंचं नाव पुढे करून होणारी कपात शेवटी कुठे जाते, हे दर वेळी तपासून पाहावं.

अर्थात रक्कम लहान आहे एवढ्यावरून ती द्यावी असं सिद्ध होत नाही. वाया जाणार असेल तर लहान रक्कमही देऊ नये. खरा मुद्दा सक्तीचा आहे: देणगी असताना कर का?

देणगी चित्राच्या मागून येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत १४ देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली. लाटांची दृश्यं जगभर घराघरांत पोचली आणि पैशाचा ओघ इतका मोठा होता, की ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने साधारण आठवड्याभरातच जाहीर केलं, त्सुनामीसाठी आमच्याकडे पुरेसे पैसे जमले आहेत, आता यासाठी पाठवू नका. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आजही मोठा वाटतो.

याच्या शेजारी सोमालिया ठेवून पाहा. २०१० च्या उत्तरार्धात पाऊस फसला. दुष्काळाचा पूर्वअंदाज देणाऱ्या यंत्रणांनी तेव्हापासूनच इशारे द्यायला सुरुवात केली. २०११ च्या वसंतातला पाऊसही हुकला. धान्याचे भाव चढत गेले, जनावरं मरत गेली, माणसं पायी निघाली. देणगीदारांचे हात मात्र खऱ्या अर्थाने सैल झाले ते २० जुलै २०११ ला संयुक्त राष्ट्रांनी अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केल्यावर. नंतरच्या अभ्यासात मृत्यूंचा अंदाज सुमारे २,६०,००० निघाला. त्यातली जवळपास निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती आणि सुमारे निम्मे मृत्यू त्या घोषणेच्या आधीच होऊन गेले होते. दक्षिण भागावर अल शबाब या दहशतवादी संघटनेचा ताबा होता, आणि दहशतवादविरोधी कायद्यांच्या धाकाने संस्थाही बिचकत होत्या. ही कारणं खरीच आहेत. पण इशारे हातात असताना पैसा नव्हता, हेही तितकंच खरं.

दुष्काळाला तारीख नसते. भूकंप एका मिनिटात होतो आणि त्याची बातमी होते. दुष्काळ महिनोन्‌महिने साचत जातो, आणि दाखवण्यासारखं दृश्य तयार होईपर्यंत मुलांच्या अंगावर मांस उरलेलं नसतं. ‘चार महिन्यांनी कदाचित मरतील’ अशा माणसांसाठी देणगी मागून पाहा, मिळत नाही. यात देणाऱ्याचा दोष नाही, माणसाचं मन डोळ्यांसमोरच्या गोष्टीनेच हलतं. पण म्हणूनच या कामासाठी असा पैसा लागतो जो कुणाचं मन हलण्याची वाट पाहत नाही. असा पैसा करातूनच येऊ शकतो, कारण तो बातमी येण्याआधी बाजूला काढून ठेवता येतो. माझ्या ‘हो’चं मूळ कारण हे आहे.

आता यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप मीच मांडतो. सरकारंही बातमीच्याच मागे धावतात. आयझेनसी आणि स्ट्रॉमबर्ग या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती आणि अमेरिकी सरकारची मदत यांचा ताळा घेतला. ऑलिंपिक चालू असताना, म्हणजे बातम्यांत जागा नसताना, घडलेल्या आपत्तीला एरवीइतकीच मदतीची शक्यता हवी असेल, तर तिथे तिप्पट माणसं मरावी लागतात, असं त्यातून निघालं. म्हणजे पैसा कराचा, पण निर्णय टीव्हीचा. असा पैसा देणगीहून फारसा वेगळा नाही. त्यामुळे माझा आग्रह करातून एक ठरावीक वाटा आधीच काढून ठेवण्याचा आहे. आपत्ती आल्यावर मंत्र्याने कॅमेऱ्यासमोर आकडा जाहीर करायचा, या पद्धतीला माझा पाठिंबा नाही.

अशी सोय आज काही प्रमाणात आहे. संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आपत्कालीन प्रतिसाद निधी, ज्याला आमच्या कामात ‘सर्फ’ म्हणतात, २००६ पासून चालू आहे. देश त्यात आधीच पैसे टाकून ठेवतात. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात यमुना नदीला (आसाममधून येणाऱ्या ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) मोठा पूर येणार असा अंदाज आला. ठरवलेला निकष पूर्ण होताच, पाणी पूर्ण चढण्याआधीच, या निधीतून सुमारे ५२ लाख डॉलर सुटले. नदीकाठच्या कुटुंबांना प्रत्येकी साधारण ५३ डॉलर त्यांच्या मोबाइलवर आले. काहींना जनावरांसाठी खाद्य मिळालं, काहींना घट्ट झाकणाची पिंपं. ही पिंपं मला फार महत्त्वाची वाटतात. पुरात बियाणं भिजलं की पुढचा हंगाम गेला, आणि हंगाम गेला की गाय विकायची वेळ येते. झाकणाच्या एका पिंपात बियाणं, कागदपत्रं, थोडं धान्य कोरडं राहतं. पूर ओसरल्यावर झालेल्या अभ्यासात, ज्यांना पैसे मिळाले होते त्या घरांत दिवसभर काहीच न खाता राहण्याची वेळ कमी आली, असं दिसलं. त्या पिंपाचा फोटो कुठेही पहिल्या पानावर छापून येणार नाही, आणि म्हणून त्यासाठी देणगीही जमणार नाही.

बांगलादेशचं उदाहरण आणखी एका कारणासाठी. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं मेली. १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,०००. मे २०२० च्या अम्फानमध्ये वीस लाखांहून जास्त लोकांना वेळेत हलवलं गेलं आणि बांगलादेशातले मृत्यू दोन अंकी राहिले. वादळं तितकीच ताकदीची नव्हती आणि प्रत्येक वेळी ती वेगळ्या ठिकाणी आदळली, हे धरूनही फरक प्रचंड आहे. त्याचं श्रेय प्रथम तिथल्या लोकांचं: १९७० नंतर उभा राहिलेला पूर्वतयारी कार्यक्रम, हजारो स्वयंसेवक, हातातला भोंगा आणि निशाण, आणि सरकारने टिकवलेली शिस्त. पण किनाऱ्यावरच्या अनेक निवाऱ्यांना आणि हवामानयंत्रणेला बाहेरच्या देशांच्या करदात्यांचा पैसा लागला आहे. परदेशी मदतीचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

आता वाईट उपयोगाबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. करदाता चिडतो तो बहुधा यामुळेच, आणि चिडायलाच हवं.

७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला. जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य तिथे येऊन पडलं. त्यातलं जेमतेम ३० टक्के सरळ वापरण्यासारखं होतं. बाकीचं मुदत संपलेलं, गैरलागू किंवा कुणाला वाचता न येणाऱ्या लेबलांचं. ते निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले. ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका, त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतातही हजारो टन औषधांचं हेच झालं. नको असलेली वस्तू नुसती पडून राहिली तरी चालेल, असं लांबून वाटतं. विमानतळावर उभं राहिलं की उलट कळतं. मोठ्या मालवाहू विमानाचं दार जमिनीपासून इतकं उंच असतं, की माल उतरवायला खास उंच उचलणारं यंत्र लागतं. लहान विमानतळावर असं यंत्र एखादंच. एका विमानातून जुने कपडे उतरत असतील, तर मागचं विमान, ज्यात पाणी शुद्ध करण्याची यंत्रं आहेत, इंजिन बंद करून थांबून राहतं आणि त्याच्या मागचं आकाशात घिरट्या घालून दुसऱ्या देशात परत जातं. मी अशा धावपट्टीशेजारी उभा राहिलो आहे. कपड्यांच्या गठ्ठ्यांवर पाठवणाऱ्यांच्या प्रेमाच्या चिठ्ठ्या असतात, आणि त्या गठ्ठ्यांमुळे कुणाचं तरी पाणी अडलेलं असतं.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूत हेच दिसलं. आंतरराष्ट्रीय विमानतळ एक, धावपट्टी एक. पुढे तिला तडे गेल्यावर मोठी विमानं उतरवणं थांबवावं लागलं. त्यात परदेशी शोधपथकांची रीघ. ढिगाऱ्याखालून जिवंत माणूस काढण्याचा काळ पहिल्या एक-दोन दिवसांचा, आणि तेव्हा हातात पहार घेऊन उभे असतात ते शेजारी, स्थानिक पोलीस, त्या देशाचं सैन्य. नेपाळमध्ये सुमारे ९,००० माणसं गेली. परदेशी पथकांनी जिवंत बाहेर काढलेल्यांची संख्या वीसच्याही आत राहिली. त्या पथकांतली माणसं जिवावर उदार होऊन काम करतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हजारो किलोमीटरवरून तिसऱ्या दिवशी कुत्री आणि यंत्रं घेऊन पोचण्यावर होणारा खर्च त्याच शहराच्या अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणावर पाच वर्षं आधी झाला असता, तर अनेक पट माणसं वाचली असती. शेजारी देशाचं पथक काही तासांत पोचत असेल तर ते जरूर जावं.

आणखी एक गळती देणाऱ्या देशातच होते. अमेरिकेत १९५४ च्या अन्नमदत कायद्याखालचं धान्य बहुतांशी तिथल्याच शेतकऱ्यांकडून घ्यायचं आणि निदान अर्धा माल अमेरिकी ध्वजाच्या जहाजांतून न्यायचा, असा नियम पुढे रूढ झाला. आपत्तीग्रस्त भागाच्या शेजारच्या जिल्ह्यात धान्य उपलब्ध असलं तरी ते समुद्रापलीकडून येणार, महिन्यांनी येणार आणि वाहतुकीतच पैशाचा मोठा भाग खाऊन येणार. बाजार चालू असेल तिथे रोख रक्कम द्यावी, हे आता या क्षेत्रात जवळपास सगळ्यांना मान्य आहे. माणसाला छप्पर हवंय की औषध हवंय, हे त्यालाच ठाऊक असतं. बाजारच कोलमडला असेल किंवा रस्ते तुटले असतील, तिथे वस्तू नेण्याला पर्याय नाही. पण ते ठरवायला आधी बाजारात जाऊन पाहावं लागतं.

‘पैसा तिथले पुढारी खातात’ हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो. खाणारे असतात, नाकारत नाही. पण बहुतेक तातडीची मदत त्या देशाच्या तिजोरीत जातच नाही. १२ जानेवारी २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर आलेल्या मानवतावादी मदतीपैकी हैती सरकारच्या हाती सुमारे १ टक्का पडला. उरलेला पैसा परदेशी संस्था, कंत्राटदार आणि लष्करं यांच्यामार्फत खर्च झाला. परिणाम असा, की सरकार पूर्वी दुबळं होतं ते पांगळं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतलं सांडपाणी नदीत गेलं, कॉलरा पसरला आणि पुढच्या काही वर्षांत १०,००० च्या आसपास माणसं मेली. या साथीतला आपला वाटा मान्य करायला संयुक्त राष्ट्रांनी २०१६ उजाडू दिलं. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण मी ज्या व्यवस्थेची बाजू मांडतो आहे तिच्याकडूनच हे घडलं.

गळतीचा मोठा भाग थरांत आहे. सरकार पैसा देतं मोठ्या संस्थेला, ती देते दुसरीला, ती तिसरीला, आणि प्रत्येक थरावर कार्यालय, लेखापरीक्षण, अहवाल. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत देणगीदारांनी आणि संस्थांनी मिळून ठरवलं, की २०२० पर्यंत निदान २५ टक्के पैसा शक्य तितक्या थेट मार्गाने स्थानिक संस्थांपर्यंत जाईल. थेट पोचणारा वाटा ५ टक्क्यांच्याही खाली राहिला. स्थानिकांकडे क्षमता नाही असं कारण सांगतात. एका पूरग्रस्त भागात आमची माणसं टॅबलेट घेऊन आठवडाभर घरोघर फिरत होती. तिथल्या कार्यालयातल्या कारकुनाने एक पाठकोरी वही पुढे केली. कोणत्या गल्लीत अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणती बाई बाळंतपणाला टेकली आहे, कुणाकडे नाव नसलेलं बिऱ्हाड राहतं, सगळं त्यात होतं. आम्ही आमच्या यादीतले घोळ त्या वहीवरून सुधारले. त्याच्या कार्यालयाला आमच्या पैशातून काहीही मिळालं नव्हतं.

शत्रू देशाला मदत द्यावी का, असंही विचारलं जातं. माणसांना द्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या ठरावानुसार आपत्तीग्रस्तांची पहिली जबाबदारी त्यांच्याच सरकारची आहे आणि बाहेरची मदत त्या देशाच्या संमतीने जावी. सरकार अडूनच बसलं तर काय होतं हे मे २००८ मध्ये म्यानमारमध्ये दिसलं: नर्गिस वादळात सुमारे १,३८,००० माणसं मेली किंवा बेपत्ता झाली आणि लष्करी राजवटीने परदेशी मदतपथकांना आठवडेच्या आठवडे दारात उभं केलं. तरीही तिथल्या भिक्षूंच्या मठांमार्फत आणि शेजारी देशांच्या संघटनेमार्फत वाट काढता आली. मदतीतून मैत्री होईल या हिशेबाने मात्र पैसा देऊ नये. १९९९ मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने भूकंप झाले, दोघे एकमेकांच्या मदतीला धावले आणि संबंध निवळले. त्सुनामीनंतर आचेमध्ये २००५ च्या ऑगस्टमध्ये सरकार आणि फुटीर बंडखोर यांच्यात शांतता करार झाला. त्याच त्सुनामीने झोडपलेल्या श्रीलंकेत युद्ध पुन्हा पेटलं. असल्या परताव्याची खात्री देता येत नाही.

आणि ‘आम्ही देणारे, ते घेणारे’ हे गृहीतकही तपासून घ्यावं. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडवलं, तेव्हा बांगलादेशने १० लाख डॉलर देऊ केले. आठ महिन्यांपूर्वीच त्सुनामीत हजारो माणसं गमावलेल्या श्रीलंकेने २५,००० डॉलर देऊ केले. मेक्सिकोचं सैन्य जेवणाच्या गाड्या आणि डॉक्टर घेऊन टेक्सासमध्ये गेलं. हे सगळे देश आपल्याच लोकांच्या गरजा बाजूला ठेवून देत होते, आणि तिथेही हाच प्रश्न विचारणारे करदाते असणारच.

एका बाबतीत मात्र मी करदात्याच्या बाजूने उभा आहे. तातडीची मदत आणि पुनर्बांधणी यांचा हिशेब एकाच खात्यात लिहू नये. मार्च २०१९ मध्ये इडाई वादळाने मोझांबिकचं बैरा शहर उद्ध्वस्त केलं. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाला सुमारे ११.८ कोटी डॉलर दिले, बिनव्याजी, पण कर्ज म्हणून. २०२२ च्या पुराचा फटका पाकिस्तानातल्या ३.३ कोटी लोकांना बसला. जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हात ९ अब्ज डॉलरहून मोठे आकडे जाहीर झाले, त्यातला बहुतेक पैसा कर्जाचा होता. वर्तमानपत्रांत दोन्हींचं वर्णन ‘मदत’ असंच होतं. देणाऱ्या देशातल्या करदात्याला वाटतं आपण दान केलं, घेणाऱ्या देशातला करदाता ते पुढची अनेक वर्षं फेडत राहतो. हवामानबदलाने होणाऱ्या नुकसानीसाठी २०२२ मध्ये वेगळा निधी मान्य झाला. २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे ७० कोटी डॉलरची वचनं जमा होती, आणि एकट्या पाकिस्तानच्या त्या पुरातलं नुकसान ३० अब्ज डॉलरच्या घरात होतं. पूल, शाळा, कालवे पुन्हा उभे करण्याचा पैसा कुणी, किती आणि कोणत्या जबाबदारीपोटी द्यायचा, हा संसदेत उघडपणे भांडून ठरवायचा विषय आहे. पहिल्या सहा आठवड्यांचं पाणी, रोख रक्कम आणि छप्पर यांना त्या भांडणाच्या निकालाची वाट पाहायला लावू नये.